लिलावातलं घर, पंधरा दिवसांची मुदत आणि शेकडा तीनचं व्याज

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरात आतल्या पानांवर बँकांच्या ताबा सूचना आणि जाहीर लिलावाच्या नोटिसा येतात, मार्च जवळ आला की तर पानंच्या पानं भरून येतात, बारीक टाइपात कर्जदाराचं नाव, जामीनदाराचं नाव, फ्लॅट नंबर, राखीव किंमत, अनामत रक्कम आणि लिलावाची तारीख. या नोटिसा मराठीत येतात कारण नियमच तसा आहे, दोन पेपरात द्यायची आणि त्यातला एक स्थानिक भाषेतला पाहिजे. आणि याच नोटिसांच्या मागच्या नाहीतर पुढच्या पानावर छोट्या जाहिरातींत असतं, "प्रॉपर्टीवर २४ तासांत फायनान्स, सिबिल नको, लिलाव प्रॉपर्टीलाही चालेल". या दोन जाहिरातींच्या मधे सध्या आमच्याकडच्या कितीतरी साध्या नोकरदार घरांची आयुष्यभराची बचत जातेय, त्याबद्दल लिहायचंय, पत्र लांबलंय त्याबद्दल माफी असावी पण अर्धवट सांगून उपयोग नाही.

मी कल्याण-डोंबिवली पट्ट्यात दस्त नोंदणीची कामं करते. साठेकरार, बक्षीसपत्र, भाडेकरार, आणि गेल्या काही वर्षांत बँकेच्या विक्री प्रमाणपत्राची नोंदणी हे काम खूप वाढलंय. पूर्वी लिलावातली प्रॉपर्टी घेणारे म्हणजे बिल्डर, इन्व्हेस्टर, ज्यांच्या खिशात पैसा तयार असायचा असे लोक. आता टोकन घेऊन बाकड्यावर बसलेले असतात ते रेल्वेतले कर्मचारी, शाळेतले शिक्षक, कुरिअर कंपनीत काम करणारी पोरं, सोबत आई किंवा बायको. मोबाईलवर रील बघितलेलं असतं की बँकेच्या लिलावात घर वीस टक्के स्वस्त मिळतं, सरकारी बँकांच्या लिलावाची बँकनेट ही वेबसाईट आहे, घरबसल्या बोली लावता येते. ते खोटं नाहीये, घर खरंच स्वस्त मिळू शकतं. पण पैसे भरायचे कसे आणि किती दिवसांत हे त्या रीलमध्ये कोणी सांगत नाही.

नियम असा आहे. सरफेसी कायदा, म्हणजे थकलेल्या कर्जापोटी तारण मालमत्ता बँकेला ताब्यात घेऊन विकू देणारा कायदा, २००२ चा, त्याच वर्षीच्या नियमांतला नियम ९. बोली लागली की त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी बोलीच्या २५ टक्के रक्कम भरायची, अनामत त्यात धरून. उरलेले ७५ टक्के विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. नाही भरले तर भरलेले पैसे जप्त आणि प्रॉपर्टी पुन्हा लिलावात, तुमचा तिच्यावर काही हक्क नाही. ही जप्ती नुसती धमकी नाहीये. सुप्रीम कोर्टाने २ फेब्रुवारी २०२४ ला सेंट्रल बँकेच्या एका तामिळनाडूतल्या प्रकरणात हे स्पष्ट केलंय, तिथे खरेदीदाराची बोली सव्वाबारा कोटींच्या आसपास होती, बँकेने मुदतवाढ देऊनही बाकी रक्कम वेळेत उभी राहिली नाही आणि तीन कोटींवर रक्कम जप्त झाली, हायकोर्टाने परत द्यायला सांगितलेली पण सुप्रीम कोर्ट म्हणालं जप्ती बरोबर आहे. कोटीवाल्याची ही गत तर तुमच्याआमच्या आठ-दहा लाखांसाठी कोण थांबणार?

मग लोक म्हणतात होम लोन काढू की. इथेच खरी गाठ आहे. होम लोन देणारी बँक आधी मूळ कागद मागते, आणि मूळ कागद लिलाव करणाऱ्या बँकेच्या तिजोरीत, ती म्हणते पूर्ण पैसे भरा मग देतो. नवीन बँकेचा व्हॅल्युअर घर बघायला जातो तर आत जुना मालक किंवा त्याचा भाडेकरू, तो दार उघडत नाही. वकिलाचा सर्च रिपोर्ट, व्हॅल्युएशन, मंजुरी, या सगळ्यात महिना-दीड महिना सहज जातो. काही बँका लिलावातल्या घराला कर्ज देतात, चेक थेट लिलाव करणाऱ्या बँकेच्या नावाने काढतात, पण सगळ्या देत नाहीत, आणि प्रत्यक्ष ताबा नसेल तर बहुतेक जण नाहीच म्हणतात. इकडे पंधरा दिवस चालू झालेले असतात. अशा वेळी कोणीतरी "ओळखीचा" पुढे येतो. आमच्याकडे याला सरळ फायनान्सवाला म्हणतात, मधला एजंट म्हणतो "ब्रिज करून देतो, तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे, होम लोन झालं की परत".

आता हिशोब बघा. हा मी माझ्यासमोर येणाऱ्या कागदांवरून मांडतेय, आकडे गोल केलेत, कोणा एकाचे नाहीत. बदलापूर-अंबरनाथ बाजूचा वन बीएचके, बाजारभाव ४० लाख, राखीव किंमत ३० लाख, बोली लागली ३२ लाखांना. घरचे लोक खूश, आठ लाख वाचले. अनामत ३ लाख आधीच भरलेली, दुसऱ्या दिवशी आणखी ५ लाख भरले, झाले २५ टक्के. बाकी २४ लाख. घरात पीएफमधून काढलेले, एफडी मोडलेले असे एकूण १० लाख होते, त्यातले ८ गेले, राहिले २. मग फायनान्सवाल्याकडून २५ लाख, शेकडा तीन, म्हणजे महिन्याला ३ टक्के, महिन्याचं व्याज ७५ हजार. पहिल्या तीन महिन्यांचं व्याज तो आधीच कापून घेतो, २ लाख २५ हजार. एजंटची दलाली दोन टक्के, ५० हजार. हातात पडतात २२ लाख २५ हजार, पण कर्ज मात्र २५ लाखांचं आणि व्याज २५ लाखांवर. बँकेचे २४ लाख कसेबसे भरले जातात. मग लक्षात येतं की मुद्रांक शुल्क राहिलंय, सहा-सात टक्के, म्हणजे दोन ते सव्वादोन लाख, नोंदणी फी ३० हजार, तेव्हा बायकोचं उरलंसुरलं सोनं गहाण पडतं. प्रॉपर्टी ५० लाख किंवा त्यावर असेल तर एक टक्का टीडीएसचा विषय वेगळा, तोही कोणाला माहीत नसतो.

तीन महिने संपतात आणि होम लोन झालेलं नसतं कारण घराचा ताबाच मिळालेला नसतो. चौथ्या महिन्यापासून दर महिन्याला ७५ हजार, आणि पगार ४०-४५ हजार. दहाव्या महिन्यापर्यंत व्याजाचे साडेसात लाख आणि दलालीचे पन्नास हजार, बरोबर आठ लाख. लिलावात जेवढे वाचले होते तेवढे सगळे गेले आणि अजून घराची किल्ली हातात नाही, मूळ २५ लाख तसेच डोक्यावर. त्यात तो राहत्या घराचं भाडं भरतोच आहे.

ताब्याचा मुद्दा मी मुद्दाम जरा सविस्तर लिहितेय कारण सगळी कोंडी तिथून होते. नोटिशीत दोन शब्दांपैकी एक असतो, सांकेतिक ताबा किंवा प्रत्यक्ष ताबा. सांकेतिक म्हणजे बँकेने दारावर नोटीस चिकटवली, पेपरात छापली, पण आत माणसं राहतायत. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँकेला सरफेसीच्या कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. कायद्यात आदेशाला ३० दिवस आणि कारणं नोंदवून फार तर ६० दिवस लिहिलेत, प्रत्यक्षात आदेश निघणं, मग तहसीलदारांकडून तारीख मिळणं, पोलीस बंदोबस्त मिळणं, त्या दिवशी आत आजारी म्हातारं माणूस किंवा परीक्षेचं पोर असणं, यात महिनेच्या महिने जातात. शिवाय जुना कर्जदार डीआरटीत, म्हणजे कर्ज वसुली न्यायाधिकरणात, जाऊ शकतो, त्याला कायद्याने ४५ दिवस आहेत आणि तो त्याचा हक्कच आहे, त्याचंही घर जातंय, त्याच्याबद्दल माझ्या मनात राग नाही. पण स्टे आला की खरेदीदाराचे पैसे बँकेत अडकतात, आणि फायनान्सवाल्याचं व्याज काही स्टे होत नाही.

मोठ्या लोकांनाही हे चुकत नाही. नवी मुंबईच्या बाजूच्या औद्योगिक जागेचा तो खटला बऱ्याच वाचकांना आठवत असेल, सेलिर (खरेदीदार) विरुद्ध बाफना मोटर्स (कर्जदार). २०२३ च्या जूनअखेर लिलावात १०५ कोटी ५ लाखांची बोली लागली, खरेदीदाराने मुदतीत सगळे पैसे भरले, आणि तरी मूळ कर्जदाराने १२९ कोटी भरून जागा सोडवून घ्यायची परवानगी हायकोर्टातून मिळवली. सुप्रीम कोर्टाने २१ सप्टेंबर २०२३ ला तो निकाल फिरवला आणि सांगितलं की लिलावाची नोटीस प्रसिद्ध झाल्यावर कर्जदाराचा सोडवून घ्यायचा हक्क संपतो. खरेदीदार जिंकला, पण त्यानंतरही भांडण चालूच राहिलं आणि डिसेंबर २०२४ मध्ये अवमानाच्या अर्जावर पुन्हा सुप्रीम कोर्टाला निकाल द्यावा लागला. ज्याच्याकडे मोठे वकील आणि मोठा पैसा आहे तो इतका काळ तग धरतो. शेकडा तीनने आणलेल्या पैशावर कोण तग धरणार, मला सांगा.

आणि कागद. हे मी जवळून बघितलेलं आहे म्हणून सांगते. फायनान्सवाला व्याजाचा आकडा कुठेही लिहीत नाही. पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केलेला करार असतो, त्यात लिहिलेलं असतं "मित्रत्वाच्या संबंधातून हातउसने, बिनव्याजी", सोबत पाच-सहा सह्या केलेले कोरे चेक, आणि खरी मेख म्हणजे आईवडिलांच्या जुन्या राहत्या खोलीचा साठेकरार आणि कुलमुखत्यारपत्र, "नुसतं सिक्युरिटीसाठी, पैसे दिले की फाडून टाकू". माझ्याकडे असा साठेकरार टाईप करायला आला की मी आधी आईवडिलांना बाजूला घेऊन विचारते, हे काय आहे तुम्हाला कळतंय का, आणि बहुतेक वेळा उत्तर येतं, पोराच्या लोनचे कागद आहेत ना. लोनचे कागद नाहीत ते, तुमची खोली विकायचा करार आहे. असं सांगितल्यावर एजंट पक्षकारालाच घेऊन निघून जातो आणि दुसरीकडे टाईप करून घेतो, एवढंच होतं.

महाराष्ट्रात सावकारी कायदा २०१४ आहे, तो नुसता शेतकऱ्यांसाठी आहे असा गैरसमज आहे. शेती नसलेल्या माणसाला परवानाधारक सावकाराने तारणावर वर्षाला १५ टक्के आणि विनातारण १८ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज लावायचं नाही. चक्रवाढ चालत नाही, मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही, ती आपली जुनी दामदुप्पट. विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सावकारीच्या व्यवहारात लुबाडलेली स्थावर मालमत्ता १५ वर्षांच्या आतली असेल तर कलम १८ खाली जिल्हा निबंधकांकडे ती परत मागता येते. कागदावर एवढं सगळं चांगलं आहे. पण त्याच कायद्यात कर्जाच्या व्याख्येतून एक गोष्ट वगळलीय, तीन लाखांच्या वरची रक्कम वचनचिठ्ठी सोडून इतर परक्राम्य दस्तावर, म्हणजे चेकवगैरेवर दिलेली असेल तर ती या कायद्याच्या कर्जात धरायची नाही. हे फायनान्सवाल्यांना पाठ आहे. म्हणून कोरे चेक घेतात आणि वरचा कागद बिनव्याजी करतात. मग तुम्ही तक्रार करायला गेलात की तो म्हणतो मी सावकारच नाही, आणि तुमच्यावर चेक बाऊन्सची कलम १३८ ची केस टाकतो, त्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. माझं स्पष्ट मत आहे की ही सूट ज्या काळात आणि ज्या व्यापाऱ्यांसाठी ठेवली असेल त्यांच्यासाठी असेल, घर घेणाऱ्या कुटुंबाला ती लावता कामा नये, सहकार खात्याने यात दुरुस्ती आणावी. आमदार मंडळी वाचत असतील तर हा एक मुद्दा तरी उचला.

बँकांबद्दलही बोललंच पाहिजे, कारण हा खड्डा त्यांनी तयार केलाय आणि बुजवणंही त्यांच्याच हातात आहे. त्याच नियम ९ मध्ये लिहिलंय की १५ दिवसांची मुदत बँक आणि खरेदीदाराने लेखी ठरवून वाढवता येते, एकूण तीन महिन्यांपर्यंत. किती खरेदीदारांना हे सांगितलं जातं? जे विचारतात त्यांना, आणि विचारतात ते वकील घेऊन आलेले. नोटिशीतच ठळक छापा ना की होम लोनसाठी अर्ज केल्याचा पुरावा दिला तर मुदतवाढ मिळेल. दुसरं, जी बँक घर विकतेय तिच्याकडे घराचे मूळ कागद आहेत, व्हॅल्युएशन तिचंच आहे, टायटल तिच्या वकिलाने आधीच तपासलेलं आहे कारण याच घरावर तिने आधी कर्ज दिलं होतं. मग राखीव किंमत ठरवतानाच पात्र बोलीदाराला अमुक टक्के कर्ज आम्हीच देऊ असं का नाही सांगत? व्याज नेहमीचं होम लोनचं लावा. बँकेलाही जास्त बोलीदार मिळतील, बोली वर जाईल, आणि मूळ कर्जदाराचंही कर्ज जास्त फिटेल, उरलं तर त्याला परत मिळेल. तुरळक ठिकाणी होतं असं, पण बोली लावायच्या आधी कोणाला पत्ता नसतो. आणि सांकेतिक ताब्यातलं राहतं घर सर्वसामान्यांना विकूच नये असं मला वाटतं, आधी प्रत्यक्ष ताबा घ्या, मग लिलाव करा. बँका म्हणतील वसुलीला उशीर होईल. होऊ दे थोडा. आज तो उशीर खरेदीदार शेकडा तीनने भोगतोय.

बोली लावायच्या विचारात असलेल्यांना मी जे ऑफिसात सांगते तेच इथे सांगते. होम लोनची पूर्वमंजुरी, तीही त्या विशिष्ट घराचा नोटीस क्रमांक दाखवून, हातात असल्याशिवाय अनामत भरू नका. "जे आहे जेथे आहे, जे आहे जसे आहे" असं नोटिशीत लिहिलेलं असतं त्याचा अर्थ सोसायटीची थकबाकी, घरपट्टी, पाणीपट्टी तुमच्या गळ्यात पडू शकते, वीजबिलाबद्दल तर सुप्रीम कोर्टाने १९ मे २०२३ च्या निकालात सांगितलंय की नियमात तशी तरतूद असेल तर जुन्या मालकाची थकबाकी नवीन कनेक्शन देताना नव्या मालकाकडून मागता येते. म्हणून आधी सोसायटीच्या सेक्रेटरीला भेटा, वॉचमनशी बोला, आत कोण राहतं, केस चालू आहे का, हे तिथे अर्ध्या तासात कळतं. पैसे कमी पडत असतील तर सख्ख्या भावाबहिणीकडून, पतसंस्थेतून, सोनेतारण बँकेतून, जिथे व्याजाची पावती मिळते तिथून बघा, आणि तरीही तूट राहत असेल तर ते घर सोडून द्या, पुढच्या महिन्यात दुसरी नोटीस येतेच. रोखीत तर वीस हजार किंवा त्यावर उसने घेऊच नका, आयकर कायद्यात जेवढी रक्कम घेतली तेवढ्याच दंडाची तरतूद आहे. आईवडिलांच्या घराचा कागद कोणत्याही परिस्थितीत द्यायचा नाही.

आणि संपादक महोदय, आपल्याकडेही एक मागणी आहे, हक्काने करतेय कारण आमच्या घरी हा पेपर वडिलांच्या काळापासून येतो. लिलावाच्या नोटिसा छापताना ताब्याचा प्रकार वरती, राखीव किमतीच्या शेजारी, मोठ्या टाइपात छापायचा आग्रह आपला जाहिरात विभाग बँकांकडे धरू शकतो का? नोटिशीच्या ठरलेल्या नमुन्यात तो उल्लेख असतोच, फक्त मजकुरात असा दडलेला असतो की चष्मा लावूनही सापडत नाही. आणि "२४ तासांत फायनान्स" वाल्या जाहिराती घेताना सावकारी परवान्याचा किंवा रिझर्व्ह बँकेच्या नोंदणीचा नंबर मागा, तो जाहिरातीत छापा, नसेल तर जाहिरात घेऊ नका. थोडं उत्पन्न कमी होईल याची मला कल्पना आहे, तरी मागतेय.

जे आधीच अडकलेत त्यांनी घाबरून आणखी एक कर्ज काढून हे कर्ज फेडू नये. किती दिले, कधी दिले, कोणाच्या खात्यावर दिले, गुगल पे आणि बँक स्टेटमेंटच्या प्रिंट, व्हॉट्सॲपवरचे व्याज मागितल्याचे मेसेज, सगळं एका फाईलला लावा, दिलेल्या कोऱ्या चेकचे नंबर लिहून ठेवा, आणि तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात लेखी तक्रार देऊन पोच घ्या. सावकारीची तक्रार तिथेच होते, पोलीस स्टेशनला गेलात तर "आपसात मिटवा" ऐकायला मिळण्याची शक्यता जास्त. साठेकरार करून दिला असेल तर त्याच्या इंडेक्स टू ची, म्हणजे नोंदणीच्या गोषवाऱ्याची, नक्कल काढून आधी वकिलाला दाखवा, कुलमुखत्यारपत्र रद्द करता येतं का ते त्याच दिवशी विचारा.

आपली,
एक वाचक, डोंबिवली पूर्व